तिबेटबद्दल आधी कोणाचं वाचावं?

तिबेटवर काही वाचायचं म्हटलं की बहुतेकांच्या हातात पहिल्यांदा ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हाररचं 'सेव्हन इयर्स इन तिबेट' पडतं. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण आता कुणी विचारलं, तर मी एकाई कावागुची या जपानी भिक्षूचं नाव आधी सांगते.

त्या काळी तिबेट परक्यांना बंद होतं. त्यामुळे लिहिणारा तिथे कसा शिरला, हे पहिल्यांदा बघावं. त्याला काय दिसणार, ते बरंचसं तिथेच ठरून जातं.

एडमंड कँडलर १९०४ मध्ये यंगहजबंडच्या ब्रिटिश फौजेबरोबर गेला, 'डेली मेल'चा वार्ताहर म्हणून. गुरू गावाजवळच्या चकमकीत तलवारीचे वार बसून त्याचा एक हात गेला. तिथे मशीनगनपुढे शेकडो तिबेटी पडले. उरलेले पळाले नाहीत, मान खाली घालून सावकाश चालत निघून गेले, हे त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. तेवढ्यासाठी तरी तो वाचावा. पण फौजेबरोबर आलेल्या माणसाला घराच्या आतलं कोण दाखवणार?

इंग्रज कादंबरीकार जेम्स हिल्टन तर तिबेटला गेलाच नव्हता. त्यानं १९३३ च्या कादंबरीत रचलेलं 'शांग्री-ला' हे स्वर्गासारखं काल्पनिक ठिकाण मात्र जगाच्या डोक्यात असं बसलं, की २००१ मध्ये चीननं युन्नान प्रांतातल्या झोंगदियन गावाला पर्यटनासाठी तेच नाव देऊन टाकलं. तिबेट समजून घ्यायचं असेल, तर ही कादंबरी बाजूला ठेवा.

खरी निवड पुढच्या चौघांत आहे.

फ्रेंच प्रवासी अलेक्झांड्रा डेव्हिड-नील आणि हिंदी लेखक राहुल सांकृत्यायन, दोघंही गरीब यात्रेकरूच्या वेषात ल्हासाला पोचले. ती १९२४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, चेहऱ्याला कोको आणि कोळशाची पूड फासून. बर्फात अडकल्यावर बुटाच्या चामड्याचे तुकडे उकळून पोटात ढकलण्याचा प्रसंग तिच्याकडून ऐकावा. ती विलक्षण धाडसी बाई होती, तिबेटी उत्तम बोलायची आणि बौद्ध ग्रंथ तिनं मन लावून अभ्यासले होते. तरी तिच्या लेखनात सिद्धी, चमत्कार, गूढ यांची ओढ फार. युरोपी वाचकाला तेच हवं होतं आणि तिनं ते भरभरून दिलं.

राहुलजी १९२९ मध्ये नेपाळमार्गे गेले. त्यांची नजर व्यवहारावर. जातपात नाही, बायकांना पडदा नाही. अनोळखी माणसानंही घरात शिरावं, झोळीतला चहा सासूच्या नाहीतर सुनेच्या हातात द्यावा, ती लोणी आणि सोडामीठ घालून घुसळून देते. आणि वाटेवरचे डाकू? आधी मारतात, मग खिशात पैसे आहेत का ते बघतात. म्हणून संशयास्पद माणूस दिसला की राहुलजी टोपी काढत, जीभ बाहेर काढत आणि 'कुची-कुची, एक पैसा' करत भीक मागायला लागत. त्यांच्या हिंदीतला 'ल्हासा की ओर' हा धडा पुष्कळांना शाळेत होता. मराठी वाचकाला हे मूळ हिंदीतूनच वाचता येतं, ही मोठीच सोय.

आता हारर आणि कावागुची. हारर १९४४ मध्ये देहरादूनच्या ब्रिटिश कैदी छावणीतून निसटला, १९४६ मध्ये ल्हासात पोचला आणि कोवळ्या दलाई लामांचा शिक्षक झाला. जीपच्या इंजिनावर चालणारं सिनेमागृह उभारण्याची हकिगत वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. पण हे सरदारांच्या दिवाणखान्यातून दिसलेलं तिबेट आहे. शिवाय आपण एसएस या नाझी संघटनेचे सदस्य होतो, हे त्यानं पुस्तकात सांगितलेलं नाही. ते १९९७ मध्ये बाहेर आलं. सगळं कळल्यावर ते पुस्तक मला पुन्हा पहिल्यासारखं वाचता आलं नाही.

कावागुची दार्जिलिंगला शरच्चंद्र दास या, आधी गुपचूप तिबेटला जाऊन आलेल्या बंगाली अभ्यासकाकडे तिबेटी शिकला, १९०० मध्ये तिबेटात शिरला आणि चिनी भिक्षू म्हणून ल्हासाजवळच्या सेरा मठात राहिला. एका तरुण भिक्षूचा निखळलेला हात त्यानं बसवून दिला, तेव्हापासून लोक त्याला वैद्य समजायला लागले आणि मठाच्या कोठडीपासून तेव्हाच्या दलाई लामांपर्यंत सगळी दारं उघडली. त्याचा सोवळेपणा जाचक आहे: घाणीवर पानंच्या पानं, तांत्रिक पंथाचा तर संताप. पण इतकं रोजचं आयुष्य दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

आणि एक गोष्ट इतरांत इतकी ठसठशीत येत नाही, पाहुण्याची किंमत कोण चुकवतं ही. दासांना आसरा दिला म्हणून सेंगचेन लामांना नदीत बुडवून मारलं, हे कावागुचीनं लिहिलंय. १९०२ मध्ये त्याचं स्वतःचं बिंग फुटलं, तो निसटला आणि मागे राहिलेले मित्र तुरुंगात गेले. तेव्हा तो काठमांडूला गेला, नेपाळचे पंतप्रधान चंद्र शमशेर यांना भेटला आणि त्यांच्यामार्फत दलाई लामांकडे अर्ज पाठवायची धडपड केली. ही पानं मला चौघांतही सगळ्यात मोलाची वाटतात.

वेळ कमी असेल तर राहुलजी घ्या, ते छोटं आणि आपल्या भाषेजवळचं आहे. सवड असेल तर कावागुचीचा १९०९ चा इंग्रजी ग्रंथ. जाडजूड आहे, पण इंटरनेटवर फुकट मिळतो. हारर त्यानंतर.