घरच्या बारसाठी बॉस्टन शेकर संच

घरी कॉकटेल बनवू लागणाऱ्याने कोणता शेकर घ्यावा, असे कोणी विचारले तर मी दोन स्टीलच्या पेल्यांचा साधा बॉस्टन शेकर सुचवतो. भेट म्हणून मिळणाऱ्या संचांत बहुधा तीन भागांचा कॉब्लर शेकर असतो. त्याच्या झाकणातच गाळणी असल्यामुळे तो सोयीचा वाटतो, परंतु बर्फाने धातू गार पडला की त्याचे झाकण इतके घट्ट बसते की ऐन वेळी निघता निघत नाही.

बॉस्टनमध्ये सुमारे ८०० मिलिलिटरचा मोठा आणि ५०० मिलिलिटरचा लहान पेला असतो. लहान पेल्यात साहित्य मोजून घ्यावे, बर्फ भरावा, मोठा पेला किंचित तिरपा बसवून वरून तळव्याने ठोकावा आणि बाहेरून धातूवर दव धरेपर्यंत, म्हणजे १० ते १५ सेकंद, जोरात हलवावे. उघडताना ओढाताण करू नये. दोन्ही कडा जिथे एकमेकींपासून दूर जाऊ लागतात, तिथे मोठ्या पेल्याला बाजूने तळव्याचा एक ठोका दिला की पकड सुटते.

पाककृतीत ‘शेक’ लिहिले आहे की ‘स्टर’, याकडे मात्र नीट लक्ष द्यावे. डायकिरीसारख्या, लिंबाचा रस असलेल्या पेयात हवा मिसळायला हवी म्हणून ते शेक करतात, तर जिन, कॅम्पारी (कडसर लाल मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समप्रमाणात घेतलेली निग्रोनी नितळ राहावी म्हणून ती बर्फावर लांब चमच्याने ढवळतात. दोन्ही रीतींत थोडा बर्फ वितळून पाणी मिसळते आणि ते पाणी पेयाचाच भाग असते. अंड्याचा पांढरा बलक असेल तर आधी बर्फाविना हलवतात. तो ड्राय शेक, आणि त्यानेच व्हिस्की सावरवर दाट फेस येतो. ‘डबल स्ट्रेन’ म्हणजे शेकरच्या तोंडावरील स्प्रिंगच्या हॉथॉर्न गाळणीखाली आणखी एक बारीक जाळीची गाळणी धरणे. आपली चहाची गाळणी या कामी उत्तम चालते. गोव्यात उन्हाळ्यात उर्राक (काजूच्या बोंडांची दारू), लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची थेट ग्लासातच एकत्र करतात; त्या रीतीला ‘बिल्ड’ म्हणतात आणि तिला शेकर लागतच नाही.

मी घेतलेल्या संचात शेकर आणि गाळणी चोख आहेत, परंतु जिगर, म्हणजे दारू मोजायचे माप, २५ आणि ५० मिलिलिटरचा आहे. आपला पेग ३० आणि ६० मिलिलिटरचा. निग्रोनीत याने बिघडत नाही, कारण तिथे तिन्ही भाग सारखेच. पण ६० मिलिलिटर रमला २० मिलिलिटर लिंबाचा रस हे डायकिरीचे प्रमाण अशा मापाने अंदाजावर जाते आणि पेय आंबट होते. म्हणून आतून १५, २०, ३०, ४५ अशा खुणा असलेला जिगर वेगळा घ्यावा. मडलर, म्हणजे चेचायचा दांडा, लाकडी असल्यास त्यावर पॉलिश नसावे, कारण पुदिना चेचताना ते पेयात उतरते.