घरभाड्याची क्रेडिट रिपोर्टवर नोंद : एका भाडेकरूचा अभिप्राय

सनीव्हेलमधील आमच्या अपार्टमेंटच्या लीजचे नूतनीकरण झाले, तेव्हा वेळेवर भरलेले भाडे क्रेडिट ब्युरोला, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, कळवावे का, असे विचारणारा एक अर्ज कागदपत्रांसोबत आला. कॅलिफोर्नियाच्या एबी २७४७ या कायद्याने १ एप्रिल २०२५ पासून घरमालकांना हा पर्याय देणे बंधनकारक केले आहे. १५ किंवा त्याहून कमी घरांच्या इमारतींना बहुतांशी सूट आहे. शुल्क प्रत्यक्ष खर्चाइतके किंवा महिना १० डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढेच घेता येते.

भारतातून नव्याने आलेल्या माणसाला ही सेवा मला खरोखर मोलाची वाटते. सिबिल स्कोअर कितीही चांगला असला तरी इथल्या रिपोर्टवर त्याची नोंद नसते, आणि पगारातून सर्वांत मोठी रक्कम ज्या भाड्यावर जाते, ते वर्षानुवर्षे चोख भरूनही एरवी त्याचा तिथे मागमूस राहत नाही. आता माझ्या रिपोर्टवर क्रेडिट कार्डाच्या खाली भाड्याचे वेगळे खाते दिसते आणि त्यात महिनावार नोंदी आहेत.

या कायद्यानुसार फक्त वेळेवर आणि पूर्ण भरलेले भाडेच कळवले जाते, ही मला सर्वांत न्याय्य बाब वाटते. थकलेले भाडेही कळवणाऱ्या सेवा अमेरिकेत आहेत आणि भाडेकरूने तारीख चुकवू नये म्हणून काही घरमालक त्यांचा आधार घेतात. मला ते पटत नाही, कारण ज्याची नोकरी गेली आहे त्याच्याकडे भाड्याचे पैसेच नसतात. खराब नोंदीची भीती घालून ते येणार नाहीत, उलट पुढचे घर मिळणे मात्र अवघड होईल.

एक तक्रार आहे. रूममेट आणि मी भाडे अर्धे-अर्धे भरतो. एका महिन्यात त्याचा हिस्सा उशिरा जमा झाला, तर भाडे भरण्याच्या ऑनलाइन पोर्टलने ते अपूर्ण धरले आणि माझा हिस्सा १ तारखेलाच जमा झालेला असूनही माझ्या नोंदीत तो महिना कोराच राहिला. हे आधी कोणी सांगितले नव्हते. तेव्हा एकत्र राहणाऱ्यांनी एकाच्याच खात्यातून ऑटोपे लावावा आणि आपसांत हिशेब करावा.

अर्जावर सही करण्यापूर्वी नोंद कोणत्या ब्युरोकडे जाते, हे अवश्य विचारावे. एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिघांपैकी एकाकडे कळवले तरी कायद्याची पूर्तता होते. कर्ज देणारी बँक दुसऱ्याच ब्युरोचा रिपोर्ट पाहत असेल, तर आपली नोंद तिला दिसणारच नाही. शिवाय रिपोर्टवरून स्कोअर काढण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत : फायको ९ आणि व्हँटेजस्कोअर भाडे विचारात घेतात, पण अनेक बँका अजून वापरत असलेले जुने फायको स्कोअर ते धरत नाहीत. महिन्याभरात स्कोअर उसळी घेईल, अशी आशा ठेवून कोणी शुल्क भरू नये.

सेवा केव्हाही बंद करता येते, मात्र त्यानंतर किमान सहा महिने पुन्हा सुरू करता येत नाही. त्यामुळे लवकरच गृहकर्ज काढायचे असेल तर ती चालू ठेवावी.