ख्रिस्ती घरासाठी नार्नियाचा सात भागांचा संच: घ्यावा का?

नार्निया ही सी. एस. लुईस यांची मुलांसाठीची जादूई कथामालिका. संच घ्यावा, पण पुस्तकांवर छापलेल्या क्रमाने वाचू नये. हल्लीच्या संचात १९५५ साली आलेला 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १ क्रमांकावर असतो. सुरुवात २ क्रमांकापासून, म्हणजे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'पासून करावी, तोच भाग सर्वांत आधी, १९५० मध्ये निघाला. उलट केलं की बर्फातल्या दिव्याच्या खांबाचं कोडं आधीच फुटतं. या भागाची प्रकरणं १७ आहेत, रोज रात्री एक पुरे. १४ वं आणि १५ वं मात्र एकाच बैठकीत संपवावं. ख्रिस्ताचं प्रतीक असलेल्या अस्लान या सिंहाच्या शिळेवरच्या वधापाशी पुस्तक मिटलं तर लहान मूल झोपणार नाही.

आता जादू. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातली (१८:१०-१२) मनाई चेटूक करण्याला आहे, गोष्टीत चेटकीण असण्याला नाही. (मृतांना बोलावणारी एन-दोरची बाई तर शास्त्रातच आहे!) जादू कोण करतं आणि कशासाठी, एवढं पाहावं. ६ व्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात शाळेतल्या दांडगटांना कंटाळलेली जिल ही मुलगी विचारते, नार्नियात जाण्यासाठी जमिनीवर वर्तुळ काढून मंत्र म्हणायचे का? तिचा शाळासोबती युस्टेस म्हणतो, अस्लानला ते आवडणार नाही. आपण त्याच्याकडून काही करवून घेऊ शकतो असं ते दिसेल, आपल्याला फक्त मागता येतं. मंत्र आणि प्रार्थना यांतला फरक संडे स्कूलमध्येही इतका नेमका क्वचितच ऐकायला मिळतो.

खरी अडचण ५ व्या भागात, १० व्या प्रकरणात येते. तिथे नायिका ल्यूसी स्वतःच जादूगाराच्या पुस्तकातले मंत्र वाचते. मैत्रिणीचं बोलणं चोरून ऐकल्याबद्दल अस्लान तिला खडसावतो, पण अदृश्याला दृश्य करणारा मंत्र मात्र तिला फळतो. इथे वाचन थांबवून मुलांशी बोलावं. ज्या घराने देवऋषी आणि गंडेदोरे नुकतेच सोडलेत, तिथे हा भाग सध्या बाजूलाच ठेवावा. १ करिंथ ८ मधला दुर्बळ विवेकाचा मुद्दा (आपल्या मोकळीकीमुळे कच्च्या विश्वासाचा माणूस अडखळू नये) तिथे तंतोतंत लागू पडतो.

जादूपेक्षा जास्त खटकतो तो ७ वा भाग. आयुष्यभर ताश या खोट्या देवाची भक्ती केलेला एमेथ त्यात अस्लानच्या देशात पोचतो. योहान १४:६ ('माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही') पाठ असलेलं मूल 'हा आत कसा आला?' विचारणारच. हा भाग आधी आईवडिलांनी वाचावा.