मस्टँगचा वरचा आर्म एक इंच खाली: सात महिन्यांचा अनुभव

गेल्या शनिवारी अलाइनमेंटवाल्याशी, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देणाऱ्याशी, माझं चांगलंच वाजलं. टाय रॉडचं (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं) एक टोक बदललं होतं, म्हणून फक्त टो, म्हणजे पुढची चाकं वरून पाहता आत की बाहेर वळलीत, एवढंच बघायला गाडी नेली होती. बाकी कशाला हात लावू नका, असं तीनदा सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. दोन तासांनी गाडी ताब्यात मिळाली तेव्हा मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरवे होते. पोटात गोळाच आला, कारण मशीन कारखान्याचे आकडे जुळले की हिरवं दाखवतं, आणि माझ्या गाडीचे बरोबर आकडे त्या मशीनवर लाल दिसतात.

गाडी 1966 ची फोर्ड मस्टँग. 289 इंजिन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, 225 अश्वशक्ती, पॉवर नसलेलं साधं स्टिअरिंग. चेसिस नंबरातलं दुसरं अक्षर एफ, म्हणजे फोर्डच्या डिअरबॉर्न कारखान्यातली. मिशिगनमध्ये मी राहतो तिथून डिअरबॉर्न अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे या गाडीवर जरा जास्तच जीव आहे.

मार्चमध्ये मी वरच्या कंट्रोल आर्मची (चाक गाडीला जोडून वर-खाली होऊ देणाऱ्या आर्मची) भोकं 1 इंच खाली आणि 1/8 इंच मागे घेतली. मूळ जागी हा आर्म असा बसतो की वळणात गाडी झुकली की बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर कलतो आणि टायर कडेवर घासत जातो. भोकं खाली घेतली की चाक वर दबताना माथा आत ओढला जातो, रोल सेंटरही (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) वर येतो. फोर्डच्याच क्लाउस आर्निंग या इंजिनिअरचं हे गणित. मस्टँगच्या शर्यतीच्या ढंगाच्या गाड्या बनवणाऱ्या शेल्बीने 1965 च्या जीटी 350 ला ते वापरलं आणि 1966 च्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर सोडून दिलं. 1965-66 च्या साध्या मस्टँगच्या नशिबी ते आलंच नाही.

खर्चाचं सांगतो, कारण मी हे केलं ते त्यासाठीच. भोकांचा कागदी साचा फुकट, 17/32 इंचाचं ड्रिल बिट, थोडं ग्रीस. स्प्रिंग कॉम्प्रेसर दुकानातून अनामत ठेवून उसना आणला. सगळं मिळून 40 डॉलरच्या आत. कॉइलओव्हरचे (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेले) तयार संच हजारो डॉलरना मिळतात, तेवढे पैसे या कामावर घालायची माझी तयारी नव्हती आणि आजही नाही. फक्त एक गोष्ट कळकळीने सांगतो: या गाडीत स्प्रिंग वरच्या आर्मवरच बसते. ती दाबलेली असताना समोर तोंड नेऊ नका, आणि हलका कॉम्प्रेसर वापरू नका.

बाबा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघत होते. "अरे, पत्र्याला भोकं पाडतोयस, मोजलंस ना नीट?" तीनदा मोजलं होतं. त्यांनी विचारल्यावर चौथ्यांदा मोजलं. जुनी भोकं तशीच ठेवली. गाडीचं नाक साधारण 5/8 इंच खाली आलं.

एप्रिलमध्ये मात्र माझी घोर निराशा झाली. गाडी जेमतेम बरी वाटत होती, दोन शनिवार-रविवार फुकट गेले असं घरी बोलूनही दाखवलं. तेव्हा मला वाटलं होतं की या भोकांचं उगाच कौतुक होतं. ते मत मी आता पूर्ण मागे घेतो. चूक अलाइनमेंटची होती. ते फोर्डच्या पुस्तकाप्रमाणे केलं होतं, आणि पुस्तकातले आकडे क्रॉस-प्लाय (आजच्या रेडियलच्या आधीच्या) टायरच्या काळातले आहेत: कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागचा कल) अगदी कमी, कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल) किंचित बाहेर. आर्म खाली घेऊन जे कमावलं, ते त्या आकड्यांनी निम्मं घालवलं होतं.

जूनमध्ये एका छोट्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने मशीनवरची गाड्यांची यादी उघडलीच नाही, माझे आकडे विचारले. कॅस्टर अडीच अंश पॉझिटिव्ह, कॅम्बर पाऊण अंश निगेटिव्ह (म्हणजे माथा आत), टो-इन 1/8 इंच. 1966 च्या मॉडेलात हे आर्मच्या मागच्या शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) काढून-घालून करतात, 1967 पासूनचं एक्सेंट्रिक बोल्टचं (नुसता फिरवला की कोन बदलणाऱ्या) सुख इथे नाही. त्याने तासभर शांतपणे शिम बदलल्या.

तिथून निघून हाइन्स ड्राइव्हला लागलो. नदीच्या कडेने नॉर्थव्हिलपासून डिअरबॉर्नपर्यंत वळणावळणाने जाणारा हा रस्ता. पहिल्याच वळणात गाडीने नाक आत घातलं आणि तिथेच धरून ठेवलं. आधी प्रत्येक वळणात स्टिअरिंग दोनदा-तीनदा सावरावं लागायचं, आता एकदा फिरवलं की झालं. वळण संपलं की चाकं आपसूक सरळ होतात. वेग तोच, पण हाताखाली वेगळीच गाडी होती. मी परत फिरून तोच रस्ता पुन्हा केला.

तक्रारी आहेत. कॅस्टर वाढल्याने पार्किंग करताना स्टिअरिंग जड लागतं, बायकोला ते अजिबात आवडलेलं नाही. स्प्रिंगखालच्या रबरी बुशचं कुईकुई आधी होतं, आताही आहे, त्यावर हा इलाज नाही. टायर मात्र 3,000 मैलांनंतर सपाट आणि सारखे झिजलेत.

म्हणून शनिवारचा राग अजून गेलेला नाही. त्या अलाइनमेंटच्या दुकानाने पैसे परत दिले, पण आकडे हिरवे करायला काढलेल्या शिम मिळाल्या नाहीत. कचऱ्यात गेल्या म्हणे. त्या शिम म्हणजेच माझं जूनचं अलाइनमेंट होतं. आता टो मी घरीच दोरा ताणून बघणार, तिथे पुन्हा जाणार नाही.

नव्या शिम काल आल्या. पुढच्या बोल्टवर एक जास्त, मागच्यावर एक कमी, इथून सुरुवात करून म्हाताऱ्याकडे आकडे पक्के करून घेईन. त्याने गुरुवारची वेळ दिली आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायच्या आत हाइन्स ड्राइव्हला निदान एक फेरी व्हायला हवी.