अवकाशात एक जादा चंद्र : सोलापुरात नऊ महिने वापरलेला प्रोजेक्टर

ऑक्टोबर ते जून असा नऊ महिन्यांचा वापर. आठवड्याला साधारण दोन सिनेमे, बघणारे चार-पाच जण, आणि आवडता प्रकार एकच : साय-फाय कॉमेडी. यानं, रोबो, काळयंत्रं आणि त्यावर चालू असलेल्या गप्पा. गप्प बसून सिनेमा बघणाऱ्यांना यातलं निम्मंच कामाला येईल. प्रोजेक्टर १९ हजारांच्या आसपासचा, एलईडी दिव्याचा, एकाच एलसीडी पॅनेलचा, खरं रिझोल्यूशन १९२० बाय १०८०. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४के सपोर्ट’ लिहिलंय. त्याचा अर्थ ४के सिग्नल आत घेतो एवढाच, भिंतीवर १०८०पीच पडतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालच्या तक्रारी या किमतीतल्या बऱ्याच मॉडेलांना लागू पडतात.

आधी जागा मोजा, मग नवी पेठेत खरेदीला जा. १०० इंची पडद्याची रुंदी २२१ सेंमी आणि उंची १२५ सेंमी भरते. या मॉडेलचं थ्रो गुणोत्तर (लेन्सचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.२५, म्हणजे लेन्स पडद्यापासून पावणेतीन मीटरवर, नऊ फूट धरा. दहा बाय चौदाच्या खोलीत बसायची जागाही तिथेच येते. मग प्रोजेक्टर बैठकीच्या मधोमध येतो आणि त्याचा पंखा कानाशी घोंघावतो. छताला उलटा टांगला की आवाज डोक्यावर जातो आणि पाणी प्यायला उठणाऱ्याची सावलीही पडत नाही. टांगायचं नसेल तर बुटका टीपॉय सगळ्यांच्या पुढे ठेवा. तिरका ठेवून कीस्टोन या सेटिंगनं चित्र सरळ करायचा मोह टाळा. कीस्टोन चित्र पॅनेलच्या आतच आक्रसून घेतो, त्यात पिक्सेल वाया जातात आणि सगळ्यात आधी सबटायटलची अक्षरं दातेरी होतात.

फोकस सुरू केल्या केल्या लावला तर वीस मिनिटांत परत लावावा लागतो. आतली लेन्स प्लॅस्टिकची, तापली की फोकस सरकतो. आधी वीस मिनिटं काहीही चालू ठेवा, मग एखादी सबटायटलची ओळ थांबवून तिच्यावर फोकस लावा. चेहऱ्यावर लावू नका, चेहरा थोडा धूसर असला तरी डोळा चालवून घेतो.

आता आवाज. विनोदी सिनेमाचं सगळं यावर अवलंबून आहे आणि खरेदी करताना याचा विचार कोणीच करत नाही. प्रोजेक्टरमधला स्पीकर बातम्यांपुरता. म्हणून साउंडबार ब्लूटूथवर जोडला जातो आणि तिथे घोटाळा होतो. ब्लूटूथमध्ये आवाज सहज १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडतो. मारामारीत ते खपून जातं. विनोदात मात्र पात्राचे ओठ मिटतात, समोरच्याचा चेहरा पडतो, आणि मग ते वाक्य ऐकू येतं. हशा यायच्या आधीच विनोद मेलेला असतो. उपाय अगदी साधा : ३.५ मिमीची पाच मीटर ऑक्स वायर. वायर जोडल्यावर घरघर येत असेल तर साउंडबार आणि प्रोजेक्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बहुतेक वेळा थांबते. लॅपटॉपवरून व्हीएलसी या प्लेअरमध्ये बघत असाल तर ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे-मागे होतो, ‘जी’ आणि ‘एच’नं सबटायटल.

दुसरी भानगड म्हणजे स्फोट कानठळ्या बसवतात आणि संवाद पुटपुटल्यासारखे येतात. ५.१ च्या, म्हणजे सहा स्पीकरांसाठीच्या ट्रॅकमध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. दोनच स्पीकरमध्ये ते सगळं कोंबलं की संवाद दबतात. एचडीएमआयला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकच्या सेटिंगमध्ये सराउंड बंद करून पीसीएम किंवा स्टिरिओ निवडा आणि साउंडबारवर नाइट मोड असेल तर दिवसासुद्धा तो चालू ठेवा. त्यानं मोठे आवाज खाली येतात, बारीक आवाज वर येतात. गप्पा मारत बघायचं तर हे हवंच, नाहीतर दर पाच मिनिटांनी ‘काय म्हणला बे तो?’ आणि रिमोटची ओढाओढ. सबटायटल कायम चालू ठेवा, यात कमीपणा काही नाही. साय-फायमध्ये ग्रहांची आणि यंत्रांची निम्मी नावं पहिल्यांदा ऐकून कळतच नाहीत.

प्रोजेक्टरमधली ॲप्स विसरा. वाइडवाइन एल१ची (ओटीटीच्या कॉपी-संरक्षणाची वरची पातळी) मान्यता नसेल तर ओटीटी ४८०पीच्या आसपास अडकतं, आणि १०० इंचांवर ते खादीच्या कापडावर छापल्यासारखं दिसतं. वेगळी स्टिक लावा. ती प्रोजेक्टरच्या यूएसबीतून चालवू नका. यूएसबी २.० मधून ५०० मिलिॲम्पिअर मिळतात, स्टिकला साधारण एक ॲम्पिअर लागतो. म्हणून ती मधेच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि शिव्या वायफायला बसतात. सोबत आलेला ॲडॉप्टर वापरा. स्टिकमध्ये आणखी दोन गोष्टी करा. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक वाढवणारा चित्रप्रकार) बंद, कारण एवढ्या कमी कॉन्ट्रास्टवर त्यानं चित्र फक्त काळवंडतं. आणि ‘मॅच फ्रेम रेट’ चालू. सिनेमा २४ फ्रेमचा, स्टिक ६० हर्ट्‌झवर, ते बसवताना फ्रेम कमी-जास्त वेळ धरल्या जातात आणि कॅमेरा सावकाश फिरला की चित्र उचक्या देतं.

रंग तपासायला ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) लावा. त्यातला अदृश्य माणूस फक्त लाल प्रकाशात दिसतो, त्यामुळे लाल रंगाच्या छटा भरपूर. पांढऱ्या एलईडीत गडद लाल मुळातच कमी, म्हणून या प्रोजेक्टरवर लाल नारिंगीकडे झुकतो. लाल वाढवत नेला की चेहरे भाजल्यासारखे होतात. त्यापेक्षा कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ ठेवून निळा ५० वरून ४४ वर आणला, तेव्हा बरंच जमलं. काळा रंग मात्र कशानंही काळा होत नाही, राखाडीच राहतो. २.३९ : १ च्या, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद सिनेमात १०० इंची पडद्यावर वर-खाली सव्वासहा इंचांच्या राखाडी पट्ट्या दिसतात. त्या झाकायला काळं मखमल लावता येतं, पण पडद्याला कायमचं शिवू नका. ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ (१९९९) थिएटरात दाखवला तेव्हा त्याची चौकट गोष्टीबरोबर रुंद होत जायची. असला सिनेमा शिवलेल्या पट्ट्यांत कापला जाईल.

खिडकीला जाड पडदा विकत घेऊ नका, सोलापूरकराला तर ते शोभतही नाही. दुहेरी केलेली सोलापुरी चादर दुपारचा उजेडही बऱ्यापैकी अडवते आणि खोलीतला प्रतिध्वनीही खाते. गडद रंगाची घ्या. पडद्याशेजारी लाल-पिवळी लावली तर तिची झाक चित्रावर येते. आणि प्रोजेक्टर चादरीवर ठेवू नका, याची हवा खालून आत जाते.

उन्हाळा ही खरी परीक्षा. पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ३५ अंश आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा ४२ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री दहापर्यंत धगधगत असतो. मेमध्ये पूर्ण ब्राइटनेसवर तास-सव्वा तासानं प्रोजेक्टर आपोआप बंद व्हायचा. इको मोड, मागे-बाजूला एक फूट मोकळी जागा, हवा आत जाते त्या बाजूला छोटा टेबलफॅन आणि मध्यंतरात दहा मिनिटं विश्रांती, एवढं केल्यावर सिनेमा पुरा व्हायला लागला. कूलरचा झोत मात्र त्याच्यावर नको. त्या हवेत ओल असते, आणि आपलं जड पाणी आतल्या काचांवर पांढरे डाग सोडू शकतं. गच्चीवर बघायचं तर जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. वाऱ्यानं पडदा फुगतो, म्हणून खालच्या शिवणीत साडेसात फुटी पीव्हीसी पाइप वाळू भरून घाला. पावसाळ्यात गच्ची नकोच, किडे थेट लेन्सवर येतात.

लाइट गेली की पंखाही जागच्या जागी थांबतो आणि तापलेला भाग तसाच राहतो. इन्व्हर्टर साइनवेव्हचा हवा आणि स्विच यूपीएस मोडवर, म्हणजे बदल इतक्या झटक्यात होतो की प्रोजेक्टर बंद पडत नाही. प्रोजेक्टर, पंखा, साउंडबार, राउटर मिळून सव्वादोनशे वॉट. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर एक सिनेमा आणि त्यावरचा वाद, दोन्ही निघतात.

शेवटी धूळ. पाचव्या महिन्यात अंधाऱ्या दृश्यांत डावीकडे वर एक फिकट गोल ठिपका दिसायला लागला. कॉमेडीत कुणाच्या लक्षात आला नसता. अवकाशातल्या दृश्यात तो सरळ जादा चंद्र झाला, आणि यान कुठेही गेलं तरी तिथेच. कारण असं की आतला भाग सीलबंद नाही, पंख्याच्या हवेबरोबर आलेला कण पॅनेलवर बसतो. फिल्टर दर पंधरा दिवसांनी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. ठिपका आलाच तर मशीन बंद करून थंड होऊ द्या, खालचं रबरी बूच काढा आणि हातानं दाबायच्या रबरी ब्लोअरनं दोन-तीन हलके फुंकर मारा. एसी साफ करायच्या यंत्राचा झोत नको, एक कण काढताना दहा आत जातात. शेंगाचटणीचा हात लेन्सला लागला असेल तर तो तेलकट डाग ब्लोअरनं जात नाही, चष्म्याचा कपडा आणि थोडंसं लेन्स क्लीनर लागतं.

धूळ वॉरंटीत बसत नाही, ते कार्डावर बारीक अक्षरात असतं. सीलबंद ऑप्टिकल इंजिनाचं मॉडेल तीन-चार हजारांनी महाग पडतं. सोलापूरच्या धुळीत तेवढे पैसे घालावेत. दुकानात विचारून घ्या की दुरुस्ती इथेच होते की मशीन पुण्याला पाठवावं लागतं. पुण्याला असेल तर आतल्या थर्मोकोलसकट खोकं माळ्यावर जपून ठेवा.