फोरमनचा पिक्चर, नक्की बघा
१९४२ चा 'द फोरमन वेन्ट टू फ्रान्स' काल रात्री बाबांसोबत पाहिला, ते भोसरी एमआयडीसीत फोरमन होते म्हणून मुद्दाम लावला. १९४० मधे जर्मन फ्रान्समधे घुसतायत आणि वेल्सचा एक साधा फोरमन कारखान्यातली मशिनं त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून एकटाच तिकडे जातो, पुढे दोन सैनिक आणि एक ट्रक मिळतो. ही मेल्बर्न जॉन्स नावाच्या खऱ्या फोरमनची गोष्ट! ऑफिसर कोण, फितूर कोण काहीच कळत नाही, जाम टेन्शन येतं. मधली गाणी-विनोद थोडे लांबलेत. पण शेवटी निर्वासित लोक बोटीवर आपलं सामान ठेवायचं की मशिनं ते ठरवतात ना, तिथे बाबा एकदम गप्प झाले, माझेही डोळे भरले.