मुलींच्या शाळेत लेकीचं एक वर्ष, आमचा अनुभव

लेकीला आठवीला मुलींच्या शाळेत घातलं त्याला वर्ष झालं, जून २०२४ ते एप्रिल २०२५ पूर्ण, म्हणून आता लिहितेय, दोन महिन्यांवर लिहिलं असतं तर नुसत्या तक्रारी झाल्या असत्या. शाळेचं नाव टाकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातच तालुक्याच्या गावाला आहे, अनुदानित, मराठी माध्यम, आणि आमचं घर खाडीच्या पलीकडे, एसटीने पाऊण तास. सातवीपर्यंत ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, मुलं-मुली एकत्र, वर्गात तेराजण, गुरुजी चांगले, त्रास काही नव्हता, त्यामुळे मुद्दाम मुलींचीच शाळा कशाला असं मला वाटत होतं. सासूबाईंना मात्र तीच हवी होती, म्हणजे जिवाला घोर नाही. मला वर्षभरात पटलं ते कारण वेगळंच निघालं.

जुन्या शाळेत १५ ऑगस्ट आला की मुली रांगोळी काढणार, स्वागतगीत म्हणणार, आणि बाकडी उचलणं, स्पीकर लावणं मुलग्यांकडे. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं हो, आपोआप व्हायचं. इथे मुलगेच नाहीत तर करणार कोण? बाकडी पोरीच उचलतात, माइकच्या वायरी पोरीच जोडतात, घंटा द्यायची पाळी पण त्यांचीच. पहिल्याच १५ ऑगस्टला हिला साउंडवर ठेवलं, तर घरी येऊन आजोबांना समजावत होती की माइक स्पीकरच्या तोंडासमोर धरला की शिट्टी येते, म्हणून स्पीकर नेहमी पुढे ठेवायचे. पुढे सप्टेंबरमध्ये गणपतीत मखराची माळ बंद पडली, सगळे दिराची वाट बघत बसलेले, हिने बटण बंद केलं, प्लग खोलला, सुटलेली वायर बसवली आणि स्क्रू आवळला. मी नुसती बघत राहिले. मला चाळिशीतही ते येत नाही, कारण आमच्या घरात ते कधी बायकांपर्यंत आलंच नाही.

दुसरं पाळीचं. आधी त्या दिवसांत दोन दिवस घरी राहायची, आता एकही खाडा नाही. पॅड ऑफिसमध्ये मिळतं, मागताना कुजबुजावं लागत नाही, पीटीच्या बाईंना सरळ सांगता येतं. आईलाच कळेल ही गोष्ट किती मोठी आहे.

येण्याजाण्याचं म्हणाल तर खर्च शून्य. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, आणि यंदा तो शाळेतच हातात मिळाला, स्टँडवर रांग नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे पालकसभेला मीही एकदाही चुकले नाही. पण जुलैत हाल झाले ते झाले, झाड पडलं, रस्ता बंद, पोर सात वाजता चिंब होऊन घरात. तेव्हा शाळा बदलायचा विचार दोनदा तरी मनात आला. त्याच आठवड्यात तिचं वक्तृत्व होतं, विषय महर्षी कर्वे. आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचे, तिथून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही त्यांना, हे ती ओले केस पुसत पुसत मला सांगत होती. मग मी काही बोलले नाही.

केसांवरून आठवलं. दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या. कोकणातल्या पावसात जाड केस सकाळी सहाला वेणीत बांधले की संध्याकाळपर्यंत आत ओलेच राहतात, वास येतो, डोक्याला खाज सुटते. पावसाळ्यापुरती तरी एक सैल वेणी चालू द्या असं मी सभेत बोलले, अजून उत्तर नाही.

अभ्यास ठीक. एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी बाईंनी शाळा सुटल्यावर जादा तास घेतले, एक पैसा न घेता. ९०-९० मार्कांचे दोन पेपर, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. हिचं नाव यादीत आलं नाही, पण बुद्धिमत्तेच्या पेपरची भीती गेली. कॉम्प्युटर मात्र वर्षात मोजून चार-पाच वेळा बघायला मिळाला.

पुढे अकरावीला मुलांबरोबर बसायला बुजेल असं बरेचजण म्हणतात. मला तसं वाटत नाही, बसमध्ये, वाडीत, शिमग्याच्या पालखीला मुलं असतातच की बरोबर. नववीला तिथेच ठेवलीय.

खरी तक्रार एकच आणि ती मी सोडणार नाही. चारशेच्या वर मुली आणि संडास पाच, त्यातला एक कुलूपबंद, आणि मार्चपासून नळाला पाणी नाही. पाच तास मुली जात नाहीत, आणि जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत, एप्रिलच्या उकाड्यात. तीन सभांमध्ये हेच बोलले, पुन्हा बोलणार. मी डब्याबरोबर दोन बाटल्या देते, त्यातली एक ती रोज भरलेलीच परत आणते.